वारा हरवलेला मान्सून

मे महिन्याचा उत्तरार्ध लागला की आमच्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर एक शब्द मुक्कामाला येतो आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तिथून हलत नाही. मान्सून केरळात रेंगाळला, मान्सून गोव्यात दाखल झाला, मान्सून धो धो कोसळला, मान्सूनने दडी मारली, मान्सूनने सखल भाग झोडपून काढला, मान्सूनच्या सरींनी सुखावले. सुज्ञ वाचकांनी या वाक्यांतला ‘मान्सून’ काढून तिथे ‘पाऊस’ घालून पाहावा. एकाही वाक्याचे काही बिघडत नाही. आणि नेमके हेच आम्हाला बिघडल्याचे लक्षण वाटते. कारण ‘मान्सून’ हे मुळात पावसाचे नाव नाही, वाऱ्याचे आहे.

रोजच्या इंग्रजीने या शब्दातला वारा काढून टाकला आणि पाऊस तेवढा ठेवून घेतला. आपल्या शब्दाचे काय करावे, हा इंग्रजी भाषिकांचा प्रश्न. त्यात आम्ही पडत नाही. आमची तक्रार मराठीशी आहे. पाऊस, पावसाळा, वळीव, झड, सर, मोसमी वारे असे स्वच्छ आणि वेगवेगळ्या अर्थांचे शब्द घरात असताना, इंग्रजीने बोथट केलेला एकच शब्द उसना आणून आम्ही तो सगळीकडे ठोकत सुटलो आहोत. हे निव्वळ शब्दांचे लाड नव्हेत. शेत, होडी आणि घराचे छप्पर यांच्याशी या गोष्टीचा थेट संबंध आहे, हे पुढे दाखविण्याचा आमचा प्रयत्न आहे.

प्रथम आजच्या इंग्रजीतील या शब्दाची अवस्था पाहू. भारतात इंग्रजी बोलणाऱ्याच्या तोंडी ‘मान्सून’ म्हणजे पावसाळा आणि अनेकवचनी ‘मान्सून्स’ म्हणजेही पावसाळाच. कापडदुकानांचे ‘मान्सून सेल’, किनाऱ्यावरच्या हॉटेलांची ‘मान्सून पॅकेजे’, संसदेचे ‘मान्सून सेशन’, यांपैकी कुठेही वाऱ्याचा मागमूस नाही. विलायतेत एखाद्या दुपारी जोराची सर येऊन गेली की तिलाही लोक गमतीने मान्सून म्हणतात. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात तर याच्याही पुढची पायरी गाठली गेली आहे. तेथे उन्हाळ्यात वाऱ्याची दिशा पालटते आणि दुपारी गडगडाटी वादळे येतात. बोलण्यात त्या एकेका वादळालाच ‘एक मान्सून’ म्हणण्याची रीत पडली आहे. मान्सून हा ऋतू आहे, एका दुपारचे वादळ नव्हे, असे तेथील हवामानतज्ज्ञांना लोकांना समजावून सांगावे लागते. अखेर २००८ साली तेथील सरकारी हवामान सेवेने १५ जून ते ३० सप्टेंबर हा काळच मान्सूनचा म्हणून ठरवून टाकला.

इंग्रजी पहिल्यापासून अशी सैल नव्हती. यूल आणि बर्नेल या दोघांनी १८८६ साली ‘हॉब्सन-जॉब्सन’ नावाचा कोश प्रसिद्ध केला. हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रजांच्या बोलण्यात रुळलेल्या शब्दांचा तो कोश. त्यात या शब्दाचा पहिला अर्थ हिंदी समुद्रावरचे नियतकालिक वारे असाच दिलेला आहे. त्या वाऱ्यांनी घडविलेले ऋतू हा त्यामागून येणारा अर्थ. पावसाळ्याला ते इंग्रज साधेपणाने ‘रेन्स’ म्हणत. म्हणजे वाऱ्याला एक नाव आणि पावसाला दुसरे, ही शिस्त इंग्रजीतही होती. शिडाची जहाजे गेली, वाफेची आली. वाऱ्यावाचून कोणाचे अडेनासे झाले आणि शब्दातला वारा हळूहळू विरून गेला.

हा शब्द इंग्रजीत पोहोचला तो आमच्याच अंगणातून, म्हणून या बाबतीत बोलण्याचा गोमंतकीयांना थोडा अधिक अधिकार आहे, असे आम्ही समजतो. मूळ शब्द अरबी ‘मौसिम’. खूण करणे, ठसा उमटवणे अशा अर्थाच्या धातूपासून तो झाला. ठरलेली वेळ, नेमलेला काळ असा त्याचा अर्थ. हज यात्रेच्या काळालाही अरब हाच शब्द लावतात. अरबी समुद्रावरच्या खलाशांना नेमलेली वेळ म्हणजे कोणत्या बंदरातून कोणत्या वाऱ्यावर गलबत हाकारायचे ती वेळ. पंधराव्या शतकाच्या अखेरीस इब्न माजिद या अरब नाखव्याने नौकानयनावर जो ग्रंथ लिहिला, त्यात असे काळ बंदरवार नोंदलेले आहेत. हाच शब्द फारसीच्या वाटेने मराठीत ‘मोसम’ झाला. आंब्याचा मोसम म्हणताना आपण तो वापरतो आणि ठरलेली वेळ हा त्याचा अर्थ आपल्याकडे अजून शाबूत आहे.

तोच शब्द पोर्तुगिजांनी उचलला आणि त्याचा ‘मोंसांव’ केला. वास्को द गामाला त्याचे मोल फार महाग शिकावे लागले. १४९८ साली २४ एप्रिल रोजी त्याने आफ्रिकेचे मालिंदी बंदर सोडले. जाणता वाटाड्या बरोबर होता, वारा पाठीशी होता. तेविसाव्या-चोविसाव्या दिवशी मलबारचे डोंगर दिसले. परतताना त्याने वाऱ्याची वेळ पाहिली नाही. कारवारसमोरच्या अंजदीव बेटावरून, जे आज गोव्याच्या हद्दीत मोडते, तो ५ ऑक्टोबरला निघाला आणि आफ्रिकेचा किनारा त्याला दिसला तो २ जानेवारी १४९९ रोजी. त्याच समुद्रावर एकदा तीन आठवडे आणि एकदा जवळजवळ तीन महिने. वारा पडलेला किंवा उलटा. हिरड्या सुजण्याच्या रोगाने खलाशी पटापट मेले. दोन्ही खेपांना समुद्र तोच होता. फरक होता तो मोसमाचा, आणि या सगळ्या कहाणीत पावसाचा काही संबंध नाही.

पुढे पोर्तुगिजांचा सारा कारभार या वाऱ्याच्या वेळापत्रकावर चालला. पणजीच्या पुराभिलेखागारात ‘मोंसोंयश दु रेयनु’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बाडांची मोठी मालिका आहे. लिस्बनचा दरबार आणि गोव्याचा कारभारी यांच्यातील पत्रे वर्षाच्या ठरलेल्या वाऱ्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांतून जात, म्हणून त्या पत्रव्यवहारालाच वाऱ्याचे नाव मिळाले. सत्तरीतील पिसुर्ले गावचे डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी याच दप्तरखान्याची अनेक वर्षे देखभाल केली आणि त्यातील कागदांच्या बळावर ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा १९६७ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ सिद्ध केला. मराठ्यांच्या इतिहासाची कितीतरी साधने ज्या बाडांत सापडली, त्यांच्या पुठ्ठ्यावर ‘मान्सून’ हाच शब्द आहे. तिथे त्याचा अर्थ पाऊस असा घेतला, तर तो कागद वाचणाऱ्याला काहीच उमगणार नाही.

मग पोर्तुगीज पावसाळ्याला काय म्हणत? ‘इंव्हेर्नु’, म्हणजे हिवाळा. युरोपात पाऊसपाणी, वादळ आणि घरात बसणे हे हिवाळ्यात, म्हणून गोव्याच्या पावसाळ्याला त्यांनी आपल्या हिवाळ्याचे नाव दिले. १५८३ साली लिन्स्खोतेन नावाचा एक डच तरुण येथील आर्चबिशपचा चिटणीस म्हणून गोव्यात आला आणि सुमारे पाच वर्षे राहिला. १५९६ साली त्याचे पुस्तक डच भाषेत निघाले आणि १५९८ साली इंग्रजीत उतरले. त्यातही जहाजे चालण्याच्या वाऱ्याला मान्सून आणि गोव्याच्या पावसाळ्याला हिवाळा, अशी सरळ विभागणी आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत हा शब्द रुजला, त्यात अशा प्रवासवर्णनांचा वाटा मोठा. तेव्हा जो शब्द गोव्याहून गेला तो वाऱ्याचा होता, आणि जो परत आला तो पावसाचा होऊन आला.

यातील विपर्यास इथेच संपत नाही. गोव्याच्या खलाशाच्या लेखी मान्सून म्हणजे निघण्याची वेळ. जून, जुलै, ऑगस्ट या महिन्यांत मांडवीच्या मुखाशी आग्वादपाशी वाळूचा दांडा वर येई, नदीचे तोंड जहाजांना बंद होई आणि मुरगावचा आसरा घ्यावा लागे. लहान गलबते तर किनाऱ्यावर ओढून ठेवलेली. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही आरमाराच्या प्रकरणात पावसाळ्यात गलबतांची छावणी कोठे करावी याचा विचार आहे. ज्या तीन महिन्यांत शीड उभारता येत नसे, नेमक्या त्याच महिन्यांना आज आपण शीड उभारण्याच्या वेळेचे नाव दिले आहे. पोर्तुगीज भाषेत या शब्दाला पुढे सुसंधी असाही अर्थ आला. ब्राझीलमध्ये अठराव्या शतकात साव पावलूहून नद्यांच्या मार्गाने खाणींच्या मुलखात ठरल्या काळी जे नावांचे ताफे निघत, त्यांनाही मोंसोंयश म्हणत. तेथे ना हिंदी महासागर, ना नैर्ऋत्येचा वारा. पण ‘निघण्याची नेमकी वेळ’ हे मूळ टिकले. इंग्रजीत तेवढेही उरले नाही.

आता आमच्या मुलखाकडे येऊ. पेडणे आणि डिचोली हे दोन तालुके वाऱ्याचे काम समजण्यासाठी जणू मुद्दाम मांडून ठेवल्यासारखे आहेत. पश्चिमेस केरी, हरमल, मांद्रे, मोरजी हा उघडा किनारा. पूर्वेस साखळीपलीकडे चढत जाणारी सह्याद्रीची भिंत. फेब्रुवारी-मार्चमध्ये पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात आणि दुपारनंतर समुद्राकडून खारे वारे. शिडाची होडी पहाटे बाहेर काढावी आणि दुपारी परत यावे, हा क्रम त्यांनीच घालून दिला. मे महिन्यात दुपारी घाटमाथ्यावर ढगांचे डोंगर रचले जातात आणि संध्याकाळी पूर्वेकडून वीज, गडगडाट आणि धूळ घेऊन वळीव उतरतो. जूनच्या आरंभी हे सारे पालटते. रोजची ये-जा थांबते आणि रात्रंदिवस एकाच दिशेने, समुद्राकडून, दमट वारा लागतो. पूर्वेकडची वीज मावळते; ढग आता पश्चिमेकडून येतात. हाच तो मोसमी वारा.

तो सह्याद्रीला अडतो, वर चढतो, थंड होतो आणि रिता होतो. म्हणून पेडण्याच्या किनाऱ्यापेक्षा घाटाच्या पायथ्याशी पाऊस अधिक, आणि शेजारच्या आंबोलीला वर्षाकाठी ७,००० मिलिमीटरच्या आसपास. भिंत ओलांडून चोर्ला घाटापलीकडे थोडे अंतर गेले की तोच वारा कोरडा पडू लागतो. ऑक्टोबरात वारा पुन्हा पालटतो, पूर्वेकडे पुन्हा विजा चमकू लागतात आणि परतीचा पाऊस उभ्या भातावर येतो. एका वर्षात तीन पाऊस झाले, आणि ते तीन वेगळ्या वाऱ्यांनी आणले. वळवाने जमीन भिजते, पण विहीर भरत नाही. मोसमी पावसाने सरदाचे पीक उभे राहते. परतीच्या पावसाने तेच पीक आडवे होते. मराठीने या तिघांना तीन नावे दिली होती. आज आम्ही त्यांना मान्सूनपूर्व, मान्सून आणि मान्सूनोत्तर म्हणतो. तीन भावंडांची नावे पुसून त्यांना थोरला, मधला, धाकटा म्हणावे, त्यातला हा प्रकार.

कोणी म्हणेल, हवामान खातेच मान्सून म्हणते, तिथे तुमचे काय? हवामान खाते काय म्हणते ते नीट पाहिले पाहिजे. केरळात मान्सून आला असे हे खाते केवळ पाऊस पाहून जाहीर करीत नाही. १० मे नंतर ठरलेल्या १४ केंद्रांपैकी किमान ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस व्हावा लागतो, ही एक अट. दुसरी अट वाऱ्याची: समुद्रावर सुमारे चार किलोमीटर उंचीपर्यंत पश्चिमेचे वारे भरलेले असावे लागतात आणि खालच्या थरात त्यांचा वेग ताशी १५ ते २० सागरी मैल असावा लागतो. तिसरी अट ढगांच्या दाटीची. म्हणजे शास्त्राच्या भाषेत वारा आणि पाऊस दोन्ही आहेत. शास्त्राने मान्सूनमध्ये पाऊस धरला आहे हे आम्ही नाकारीत नाही. पण शास्त्राने वारा सोडलेला नाही. तो सोडला आहे बातमी लिहिणाऱ्याने.

आणि त्याची किंमत मोजतो तो शेतकरी. २०२३ साली ११ जूनला हे वारे गोवा ओलांडून दक्षिण कोकणात पोहोचल्याचे जाहीर झाले. पुढे जवळजवळ दोन आठवडे ते तिथेच अडले आणि मुंबईला पोहोचायला २५ जून उजाडला. २०२५ साली त्याच्या उलट झाले. २४ मे रोजी केरळ, २५ मे रोजी गोवा, २६ मे रोजी मुंबई, अशी वेळेआधीची धाव. मग महिनाअखेरीस सगळे थबकले, ते जूनच्या मध्यापर्यंत. ‘मोसमी वारे येऊन पोहोचले’ असे वाचणाऱ्याला लगेच पुढचा प्रश्न पडतो: वारे आले, पाऊस लागला का? जमिनीत वाफसा आहे का? तरवा पेरावा का? ‘मान्सून दाखल’ असे वाचणाऱ्याला तो प्रश्न पडायला जागाच उरत नाही, कारण त्याच्या मते पाऊस आलेलाच असतो. तो पेरतो, रोप करपते आणि दुबार पेरणीचे बियाणे शोधत हिंडावे लागते. दोष सगळा शब्दाचा नव्हे, हे आम्ही जाणतो. पण सावध करणारा शब्द जवळ असताना फसवा शब्द वापरावा हे कोणत्या शहाणपणात बसते?

किनाऱ्यावरही तेच. गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा हंगाम हे त्याचे एक कारण, खवळलेला दर्या हे दुसरे. आणि दर्या खवळतो तो वाऱ्याने, पावसाने नव्हे. उघडीप पडली, ऊन आले, तरी वारा लागलेला असतो तोवर तेरेखोल आणि शापोरा या नद्यांच्या मुखाशी लाटा फुटतच राहतात. ‘मान्सून ओसरला’ एवढे ऐकून आभाळाकडे पाहणारा फसतो. वाऱ्याकडे पाहणारा वाचतो. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले. झाडे उन्मळून पडली, छपरे उडाली, विजेचे खांब वाकले. हे काम वाऱ्याचे होते. वाऱ्याचा इशारा आणि पावसाचा इशारा हे दोन वेगळे इशारे आहेत. एकात छत्री पुरते, दुसऱ्यात घराबाहेर पाऊल टाकू नये. जी भाषा वारा विसरते, तिला दोन्ही इशारे सारखेच ऐकू येतात.

मराठी मात्र वारा विसरणारी भाषा नव्हे. झुळूक, वावटळ, सोसाटा, झंझावात, वादळ, तुफान ही वाऱ्याची चढती कमान प्रत्येक पायरीला नाव देऊन ठेवलेली आहे. आपले वाक्प्रचार पाहा: एखाद्याला वाऱ्यावर सोडणे, वाऱ्याला उभे न राहणे, वारा पाहून पाठ देणे, कानात वारे शिरणे, अंगात वारे संचारणे. खळ्यावर धान्य उफणताना वारा कोणत्या अंगाने आहे हे पाहून सूप धरावे लागे. ते ज्ञान भाषेत उतरले. पावसाच्या बाजूनेही तसेच. ८ जूनच्या आगेमागे सूर्य मृगात गेला की मिरगाचा पाऊस, मग आर्द्रा, पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस, आश्लेषा, मघा आणि सप्टेंबरअखेरीस हस्ताचा, म्हणजे हत्तीचा. सुमारे तेरा-चौदा दिवसांच्या या एकेका घराला स्वभाव होता. नक्षत्रे वारा मोजीत नाहीत, सूर्य मोजतात. त्यांच्यावरून हवामानाचे भाकीत करावे असे आम्ही म्हणत नाही. पण कोणत्या पंधरवड्यात शेतात काय करायचे, हे त्या एका शब्दात बांधलेले होते. सरद कधी, वायंगण कधी, खाजनाच्या मानशीची दारे कधी पाहायची, हे आमच्या वाडवडिलांनी याच शब्दांवर ठरवले. ‘मान्सूनचा दुसरा टप्पा’ या शब्दप्रयोगावर काय ठरवता येते, ते आम्हाला कोणी सांगावे.

आक्षेप ऐकू येतात ते असे. पहिला, भाषा प्रवाही असते, अर्थ बदलतातच. मान्य. पण प्रवाह नवे काही आणतो तेव्हा त्याचे स्वागत. असलेली जमीन खरवडून नेतो तेव्हा बांध घालावा लागतो, हे खाजन राखणाऱ्या मुलखाला नव्याने शिकवायला नको. दुसरा आक्षेप, तुमचा ‘मोसम’ तरी कुठे मराठी? तोही अरबी. अगदी खरे, आणि आम्हाला त्याचे वावडे नाही. मराठी अरबी-फारसी शब्दांनी समृद्ध झाली, पोर्तुगीज शब्दांनीही झाली. पगार, पाव, बटाटा आम्ही परत करणार नाही. शब्द कोठून आला याला महत्त्व नाही. तो काय सांगतो याला आहे. ‘मोसमी वारे’ म्हणताच वारा ऐकू येतो आणि नेमलेली वेळही ऐकू येते. एकाच अरबी शब्दाची ही दोन रूपे. त्यातले अर्थ शाबूत असलेले आपल्या घरी आहे आणि आपण अर्थ हरवलेले रूप मिरवतो आहोत. तिसरा आक्षेप, लोकांना हेच समजते. हे मात्र खरे नाही. विधानसभेच्या जुलैतल्या अधिवेशनाला मराठीत ‘पावसाळी अधिवेशन’ म्हणतात आणि ते न समजल्याची तक्रार आजवर कोणी केलेली नाही. लोकांना जे दिले जाते ते समजते. आळस लोकांचा नाही, लिहिणाऱ्याचा आहे.

येथे आम्ही वाचकांपुढे एक अप्रिय गोष्ट ठेवणार आहोत. डिचोली आणि पेडणे हे महाल अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज अमलाखाली गेले. नव्या काबिजादीतल्या या भागात आपल्या घराण्यांनी मराठी टिकवली ती कोणाच्या कृपेने नव्हे. कीर्तनात, भजनात, जत्रेतल्या दशावतारात, हिशेबाच्या चोपड्यांत आणि घरच्या पोथ्यांत ती जपली. १९८७ साली राजभाषा कायदा झाला. त्यात कोकणीला राजभाषेचे स्थान मिळाले आणि सरकारी कामी मराठीच्या वापराची तरतूद झाली. तेव्हापासून मराठीच्या हक्कासाठी आपण सभा घेतो, ठराव करतो, निवेदने देतो. ते जरूर करावे. परंतु ज्या भाषेसाठी निवेदन द्यायचे त्या निवेदनातच इंग्रजीतून उतरवलेली वाक्ये असतील, ज्या वर्तमानपत्राला आपण मराठीचा आधारस्तंभ म्हणतो त्यातच वळीव, झड आणि मोसमी वारे यांना जागा नसेल, तर आपण हक्क मागतो आहोत तो नेमका कशाचा? लिपीचा? भाषेला कायद्याने दरवाजा उघडून मिळतो. आत भांडीकुंडी आपली आपणच ठेवायची असतात. आणि नातवंडांनी इंग्रजी शाळेतून ‘मान्सून’ आणला म्हणून त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नाही. त्यांना ‘वळीव’ हा शब्द आपण कधी ऐकवला, हा प्रश्न आधी विचारावा लागेल.

म्हणून आमचे मागणे अगदी माफक आणि रोजच्या वापराचे आहे. ऋतूला पावसाळा म्हणावे. पडणाऱ्या पाण्याला पाऊस म्हणावे. मे महिन्यात गडगडून येतो तो वळीव, भलत्या वेळी येतो तो अवकाळी, ऑक्टोबरात येतो तो परतीचा. दिवसेंदिवस थांबत नाही ती झड. नैर्ऋत्येकडून येतात ते मोसमी वारे, आणि ते आले की ‘मोसमी वारे आले’ एवढेच लिहावे. पाऊस आला की नाही ते दुसऱ्या वाक्यात सांगावे. हवामान खात्याचे पत्रक मराठीत आणताना वाऱ्याची दिशा आणि वेग गाळू नये. शिक्षकांनी भूगोलाच्या पुस्तकातले मतलई वारे आणि खारे वारे परीक्षेपुरते न ठेवता मुलांना एकदा पहाटे आणि एकदा दुपारी केरीच्या किंवा हरमलच्या किनाऱ्यावर उभे करावे. व्याख्या पाठ करावी लागणार नाही. आणि ‘मान्सून’ हा शब्द वापरायचाच असेल तर जुन्या दप्तरांविषयी लिहिताना खुशाल वापरावा, कारण तिथे त्याला त्याचा खरा अर्थ अजून आहे.

इंग्रजी भाषेने हा शब्द आमच्या किनाऱ्यावरून नेला, वापरला, झिजवला. चारशे वर्षांनी तो झिजलेला नाणेपट आमच्याच हातावर ठेवला जातो आहे आणि आम्ही तो खणखणीत समजून चलनात आणतो आहोत. टाकसाळ आमच्या घरी अजून चालू आहे. येत्या मे महिन्यात पूर्वेकडे पहिली वीज चमकली की त्या पावसाला त्याच्या नावाने हाक मारावी, एवढे जरी आपल्या दोन तालुक्यांतल्या लिहित्या-वाचत्या घरांनी ठरवले, तरी वर्तमानपत्रांना पुढच्या वर्षी मथळा बदलावा लागेल.